म्हातारपणाची काठी कोणाच्या हाती?

मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता ती काठी पुण्यास किंवा बेंगळूरूस नोकरीला असते आणि आईबाप निपाणीस वा बेळगावच्या शहापुरात राहतात. काठीची ही रिकामी जागा यंत्राने घेतली तर त्यात नवल नाही. माणूस पडल्याचे ओळखून निरोप धाडणारे मनगटी घड्याळ अ‍ॅपल कंपनीने २०१८ साली आणले. घरातील हालचाल परगावी दाखविणारे कॅमेरे तर आता कोठेही मिळतात.

वार्धक्यातले पडणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा. माणसाचा तोल तीन साक्षीदारांवर उभा असतो : डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय व सांधे यांची जाणीव. वय वाढते तसे तिन्ही साक्षीदार कच्चे होतात. त्यात आमच्याकडे उंच उंबरे, न्हाणीतला गुळगुळीत दगड, आषाढात अंगणभर शेवाळ. देवळांतून संगमरवर घालण्याची हौस तर विचारूच नये. त्यावर अभिषेकाचे पाणी सांडले की तरुणाचाही पाय सरकतो. लादीला देणगीदार मिळतो, कठड्याच्या दांड्याला मिळत नाही.

काही काळापूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे सल्ल्यास आले. मातोश्री ऐंशीच्या घरात, निपाणीस एकट्या, घर त्यांच्याच नावावर. न्हाणीत पडल्या; सुदैवाने हाड मोडले नाही. चिरंजिवांनी ओसरीवर व माजघरात कॅमेरे बसविले आणि आईचे देवळात जाणे बंद केले. बाईंनी माजघरातल्या कॅमेऱ्यावर जुन्या लुगड्याचे फडके टाकले. 'तिच्या हिताचे करण्याचा मला हक्क नाही काय?' असा गृहस्थांचा प्रश्न होता.

ज्येष्ठांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा मुलांवर कर्तव्य लादतो. आईबापांना घरात अडकविण्याचा अधिकार देत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो अर्ज २०१२ साली करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि तेव्हा त्यांचे वय ८६ होते! हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, मुलाविरुद्ध तो कितपत चालेल हा वेगळा वाद. परंतु वय झाले म्हणजे माणसाची ही गरज संपते, असे कोणी समजू नये.

गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांचे भय खरे होते. तथापि या भयाची एक खोड आहे. पडण्याच्या धास्तीने माणूस बसून राहतो, बसल्याने पायांतले बळ जाते, बळ गेले की तोल आणखी ढळतो. म्हणजे जपण्यासाठी अडकवावे, तर तेच पडण्याचे कारण व्हायचे. याच्या उलट, तोलाचे व पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमाने केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा अनेक चाचण्यांचा एकत्र धांडोळा घेऊन २०१९ साली निष्कर्ष निघाला आहे. यंत्र येथेही कामास येते. निन्टेन्डो कंपनीने २००७ साली खेळासाठी काढलेली तोलफळी पुढे वृद्धांच्या व्यायामासाठी वापरली गेली. तिच्यावर उभे राहिले की शरीराचा भार कोणीकडे झुकतो ते पडद्यावर दिसते. घड्याळ पडल्यानंतर बोलते, फळी पडण्याआधी शिकविते. कॅमेरा मात्र केवळ पाहतो, आणि तेही दुसऱ्यासाठी.

श्रावणाला आपण पितृभक्त म्हणतो तो कशासाठी? अंध आईबापांना त्याने घरी सुरक्षित बसविले म्हणून नव्हे. त्यांना यात्रेस जायचे होते. त्याने कावड केली. जायचे कोठे हे त्यांनी ठरविले, खांदा त्याने दिला.

आम्ही गृहस्थांस सांगितले, न्हाणीत दांडा व खरबरीत लाद्या बसवा, पहाटेच्या वाटेवर दिवा लावा, व्यायाम शिकविणारा कोणी पाहा, आणि कॅमेऱ्याचे आईलाच विचारा. बाईंनी ओसरीवरचा कॅमेरा राहू दिला, माजघरातला काढविला. घड्याळ बांधून देवळात जाण्यासही त्या तयार झाल्या. अट एवढीच घातली की पडल्याचा पहिला निरोप शेजारच्या वहिनींना जावा, बेंगळूरूस नंतर. चिरंजिवांनी ही अट अद्याप मान्य केलेली नाही.