दोन खिडक्या, एक काम

यंत्राकडून माणसाने कोणती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न आधुनिक यंत्रांहून कितीतरी जुना आहे. दासांची गरज का भासते हे सांगताना ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक कल्पना मांडली आहे. धोटा आपण होऊन विणू लागला आणि नखी आपण होऊन तारा छेडू लागली, तर कारागिराला मदतनीस नकोत आणि धन्याला दास नकोत, असा तिचा आशय. आज घरोघरी दिसणाऱ्या टॅब्लेटविषयी जी कुरकुर कानी येते, तिच्या मुळाशी हीच पुरातन इच्छा आहे.

ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० साली बाजारात आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर एका वेळी एकच काम दिसे. २०१५ मध्ये पडद्याचे दोन भाग करून दोन ॲप शेजारी शेजारी ठेवता येऊ लागली. २०१८ मध्ये ‘शॉर्टकट्स’ आले. नित्याच्या कृतींची साखळी एकदा गुंफून ठेवली की एका स्पर्शासरशी त्या क्रमाने पार पडू लागल्या. २०२१ मध्ये कंपनीने आपल्या संगणकातलीच एम-१ चिप आयपॅड प्रोमध्ये बसविली, तेव्हा बळ संगणकाचे आणि मोकळीक मात्र त्याहून कमी, अशी तक्रार वाढली. २०२५ मध्ये खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करण्याची सोयही झाली. तरीही मागणी थांबलेली नाही. यंत्राने आणखी कामे एकाच वेळी करावीत, आणि न सांगता करावीत, असे आपल्याला वाटतच राहते.

ही हाव आहे काय? सरसकट तसे म्हणणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. भाषांतर करणाऱ्याला एका बाजूस मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूस शब्दकोश हवा असतो. पन्नास पालकांना तेच पत्र, केवळ नाव बदलून, लिहिण्यात शिक्षिकेची संध्याकाळ खर्ची पडावी, यात कोणताही सद्‌गुण नाही. आणि ज्याची बोटे चालत नाहीत, जो एकाच कळीच्या आधारे पडदा हाताळतो, त्याच्या दृष्टीने दहा स्पर्शांचे काम एका स्पर्शात होणे ही चैन नव्हे; ते स्वावलंबन आहे. निरर्थक श्रमातून माणसाला सोडविणे हे यंत्राचे उचित कार्यच होय.

परंतु यंत्राचे मल्टिटास्किंग आणि माणसाचे मल्टिटास्किंग ह्यांत मूलभूत भेद आहे. संगणकाचा प्रोसेसर एक काम क्षणभर बाजूस ठेवून दुसरे घेतो, आणि पहिले नेमके कोठे सोडले ह्याची नोंद ठेवून तेथेच परततो. मनाचे तसे नाही. सोडलेले काम मनात रेंगाळते आणि नव्या कामात डोकावत राहते. २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत, एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची सवय असलेली माणसे अनावश्यक गोष्टी बाजूस सारण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही इतरांच्या मागे पडली. पुढील सर्वच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, हे खरे. तरी आपला अनुभव त्याच्या विरोधात फारसा जात नाही.

म्हणून पडद्यावर खिडक्या किती, हा प्रश्न गौण आहे. त्या सर्व खिडक्या एकाच कामाच्या सेवेत आहेत काय, हा खरा प्रश्न. शब्दकोशाची खिडकी अनुवादकाचे चित्त एकाग्र करते. मुलाचा अभ्यास घेताना कोपऱ्यात चालू ठेवलेला क्रिकेटचा सामना पालकाला दुभंगून टाकतो. आणि मुलाला ते तत्काळ समजते.

‘आपोआप’ ह्या शब्दालाही अशीच कसोटी लावावी लागेल. विजेचे बिल भरण्याची आठवण यंत्राने द्यावी. तेथे मोल फळाला आहे, कृतीला नाही. पण समजा, आखातात नोकरी करणाऱ्या एखाद्या मुलाने रोज सकाळी सात वाजता आईला ‘मी बरा आहे’ असा संदेश आपोआप जाईल अशी योजना करून ठेवली. ती योजना प्रेमापोटीच केली, असे तो म्हणेल. आणि पहिल्या दिवशी ते खरेही असेल. परंतु शंभराव्या दिवशी तो तापाने फणफणला असला, तरी संदेश बरोबर सातलाच येईल. आई तो वाचून निश्चिंत मनाने कामाला लागेल. तिला मुलाची खुशाली कळलेली नसेल, त्याचे यंत्र चालू आहे एवढेच कळलेले असेल. जी कृती स्वतः करण्यातच तिचा अर्थ साठवलेला असतो, ती दुसऱ्यावर सोपविली की बाह्य रूप राहते आणि अर्थ निघून जातो.

वाचकहो, टॅब्लेटकडून अधिक सोयींची अपेक्षा बाळगण्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक नव्या सोयीपाशी दोन प्रश्न विचारून पाहावेत. हे काम आपण सोपविले, तर कोणाचे काही हिरावले जाते काय? आणि त्यातून जी घटका वाचली, ती कोणाच्या वाट्याला जाणार आहे? ॲरिस्टॉटलच्या कल्पनेतील धोटा आता आपण होऊन चालू लागला आहे. विणकराचे हात मोकळे झाले आहेत. त्या मोकळ्या हातांनी काय करावयाचे, हे मात्र कोणताही शॉर्टकट ठरवून देणार नाही.