मुलांची भाकरी आणि काळीचे औषध



काही प्रश्न प्रवचन ऐकताना सुचतात, काही घरची कामे करताना. आजचा प्रश्न मला सकाळी ओसरी पुसताना सापडला.

ताडकळसला आमच्या घरी काळी नावाची कुत्री आहे. सात वर्षांपूर्वी शेतातल्या आखाड्यावर पावसात भिजलेले पिल्लू म्हणून ती आली आणि आमचीच झाली. सोयाबीनची काढणी झाली की रात्रभर गंजीपाशी जागणार, परका माणूस दिसला की फाटकापर्यंत जाऊन वर्दी देणार, हे तिचे काम. सात वर्षांत तिने घरात कधी घाण केली नव्हती. त्या सकाळी मात्र ओसरीवर लघवीचे थेंब दिसले आणि त्यांना लालसर झाक होती. मी तिच्यावर ओरडलो. ती शेपूट पायात घालून अंगणात गेली, बसली, दोन थेंब पडले, उठली, पुन्हा बसली. तेव्हा कुठे मला कळले, ही खोड नव्हे, हे दुखणे आहे. त्या ओरडण्याचे मला आजही वाईट वाटते.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला आहे. गोळ्या दिल्या, किती दिवस द्यायच्या तेही सांगितले. तिसऱ्या दिवशी काळी उड्या मारू लागली आणि मी गोळ्या बंद केल्या. उरलेली पट्टी कपाटात ठेवली, कधीतरी कामाला येईल म्हणून. दोन महिन्यांनी तेच दुखणे परत आले. मी कोणाला न विचारता कपाटातल्या गोळ्या दिल्या. थोडा उतार पडला. वर्ष संपायच्या आत तिसऱ्यांदा रक्त दिसले. आता डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळे विचारले आणि मीही सगळे कबूल केले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, एकदा होते तेव्हा औषध द्यायचे. पुन्हा पुन्हा होते तेव्हा कारण शोधायचे." परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे नेऊन लघवी तपासा, एक्स-रे काढा, असा त्यांचा सल्ला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारचा गडी ओसरीवर आला. दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारा, कष्टाळू माणूस. तो हसत म्हणाला, "गुरुजी, माणसाला गोळी मिळंना अन् तुमी कुत्रीची लघवी तपासाया परभणीला निघालाव?" मीही हसलो. मग त्याने आवाज खाली घेतला. "त्यातली एखादी पट्टी उरली असंल तर द्या. हिलाबी तसंच होतंय. आग होती म्हणती. चार महिने झाले."

बंधुभगिनींनो, तेव्हा मला माझी लाज वाटली. काळीच्या दोन थेंबांची मला वर्षभर खबर होती. भिंतीपलीकडे एक बाई चार महिने तेच सोसत होती आणि मला पत्ता नव्हता. कुत्री ओसरीवर येऊन दाखवते. आपल्या आयाबहिणी मात्र हे दुखणे पदराखाली झाकतात.

मी उठून कपाटापाशी गेलो. पट्टी हातात घेतली. देणे किती सोपे होते! पैसा लागत नव्हता, वेळ लागत नव्हता आणि वर दान केल्याचे समाधान मिळणार होते. परंतु डॉक्टरांचे बोलणे कानात होते. कोणता जंतू आहे हे न कळता, अर्धवट औषध देऊन मी काळीचे भले केले नव्हते. तेच या बाईचे कसे होणार? मी पट्टी परत ठेवली आणि म्हणालो, "उद्या परभणी राहू दे. आधी वहिनींना सरकारी दवाखान्यात नेऊ." दुसऱ्या दिवशी आमच्या घरातून त्यांच्यासोबत गेल्या. तेथील बाई डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. दिवसभरात किती पाणी पिता? उत्तर मिळाले, शेतात जाताना पीतच नाही. आडोसा कुठे असतो? लघवी धरून ठेवावी लागते, म्हणून पाणीच प्यायचे नाही. कापूस वेचणीच्या उन्हात! (हे मी त्या दोघांना विचारूनच लिहीत आहे. वहिनी म्हणाल्या, लिहा, बाकीच्या बायांना तरी कळेल.)

त्यानंतर आम्ही काळीला परभणीला नेले. तेथे तिच्या पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी घेतली, म्हणजे बाहेरची घाण तिच्यात मिसळत नाही. त्या लघवीतले जंतू वाढवून कोणते औषध त्यांना मारते हे पाहतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडा दिसला. काही जंतू लघवीतील युरिया फोडतात, त्यामुळे लघवीची आम्लता जाते आणि तिच्यातील क्षार साचून खडा बनतो. मग तेच जंतू खड्याच्या थरांमध्ये दडून राहतात. गोळी सुरू असताना बाहेरचे मरतात, गोळी थांबली की आतले बाहेर येतात. वर्षभर मी थेंब पुसत होतो आणि खडा आत वाढत होता. प्रत्येक कुत्र्याला खडाच असतो असे नाही. कोणाला मधुमेह असतो, नर कुत्र्याला प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास असतो. परंतु दुखणे वरचेवर परत येते तेव्हा बहुधा आत काहीतरी कारण असते. आपल्या स्वभावातल्या परत परत येणाऱ्या दोषांचेही असेच असते, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ताडून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेजाऱ्याने हसत विचारलेला प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. माणसे उपचाराविना असताना जनावरावर पैसा खर्च करणे योग्य आहे काय?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाला बगल दिलेली नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्यता दिलेल्या श्रद्धाग्रंथात दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. विनाकारण जनावरांना यातना देणे माणुसकीला शोभत नाही, ही एक. आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा, तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही, ही दुसरी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात साऱ्या सृष्टीची काळजी घ्यायला शिकवले. त्याच पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२२ मध्ये मुलांच्या जागी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना खडसावलेही. वाचणाऱ्याला वाटेल, हे एकमेकांच्या उलट आहे. मला तसे वाटत नाही. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे प्रमाण.

सुरफुनीकी बाईची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मुलांची भाकरी कुत्र्यांना घालू नये, या प्रभूच्या बोलण्यावर ती बाई चिडली नाही आणि तिने मुलांचा हक्कही नाकारला नाही. तिने फक्त लक्षात आणून दिले की मुले जेवत असताना मेजाखाली चुरा पडतो आणि तो कुत्र्यांच्याच वाट्याचा असतो. प्रभूने तिचे म्हणणे मानले, तिच्या लेकीला बरे केले. प्रभूच्या मनात तेव्हा जनावरांचा प्रश्न नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या घरातली रचना पाहा. मुले मेजावर, कुत्री मेजाखाली, परंतु दोघेही एकाच घरात. कुत्र्याला मेजावर बसवू नये आणि घराबाहेरही काढू नये.

आपल्या मराठवाड्याच्या मातीतही ही समज जुनी आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा कोरडी पोळी कशी खाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपल्या पवित्र शास्त्रात तर तोबियाच्या प्रवासात देवदूताबरोबर त्याचा कुत्राही चालतो.

जनावराच्या दुखण्याची एक वेगळी बाजू आहे. माणूस आपल्या वेदनेला काही अर्थ देऊ शकतो. तो प्रार्थना करतो, दुसऱ्यासाठी ते दुःख अर्पण करतो, उद्या बरे वाटेल अशी आशा धरतो. काळीला यातले काही येत नाही. तिच्यापाशी फक्त आजची आग आहे आणि माझ्याकडे पाहणारे दोन डोळे आहेत. मी तिला बांधले, म्हणून ती स्वतः पाणवठा शोधू शकत नाही. मी तिच्याकडून रात्रीची राखण घेतली. ज्याच्याकडून आपण सेवा घेतो त्याचे आपण देणे लागतो. ते देणे माणसाच्या देण्याएवढे नाही, हे खरे. पण ते दयेचे दान नव्हे, देणेच आहे. आजारी कुत्रे दुसऱ्या गावच्या बाजारात नेऊन सोडणारे लोक आपण पाहतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे योग्य कारणावाचून पाळीव जनावराला असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते कर्ज बुडवणेच ठरले असते.

परंतु या देण्याला मर्यादा आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की, माणसाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा झेपणार नाहीत असे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. माणसाच्या बाबतीत असे, तर कुत्र्यासाठी सावकाराच्या दारी जाणे, लेकराची फी थकवणे, म्हाताऱ्या आईची गोळी चुकवणे हे धर्माचे काम असूच शकत नाही. आम्ही घरात बसून ठरवले, एक शस्त्रक्रिया करू, तीही घरातल्या कोणाच्या औषधाला हात न लावता. खडा पुन्हा झाला आणि तेव्हा झेपले नाही, तर तिला तळमळत ठेवणार नाही. उपाय उरला नसेल तर डॉक्टरांच्या हातून तिला शांतपणे निरोप देऊ. माणसाचा जीव आपण कधीही घेऊ शकत नाही. जनावराच्या बाबतीत, निरुपाय झाल्यावर वेदना संपवणे हीदेखील राखणदाराची जबाबदारी असू शकते. हे लिहिताना हात जड होतो, पण आधी ठरवलेले बरे.

आणि ती कपाटातली पट्टी? पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोमला नोबेल व्याख्यानात एक छोटी गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो मनानेच थोडे पेनिसिलिन घेतो, जंतू मरतील इतके नाही, पण त्यांना औषधाची सवय होईल इतके. तेच जंतू त्याच्या बायकोला होतात, औषध लागू पडत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंग यांनी त्या नवऱ्याकडे बोट दाखवले. काळीला दिलेल्या गोळ्यांच्या जातीचीच औषधे माणसांनाही देतात. तिच्या अंगात तरबेज झालेला जंतू आमच्या ओसरीवर थांबेल असे थोडेच आहे! तेच अंगण, तीच माती, तीच खेळणारी मुले. म्हणजे माझ्या कपाटातली पट्टी माझी एकट्याची नव्हती. त्या औषधाची ताकद ही गावविहिरीसारखी सर्वांची ठेव आहे. २०१६ पासून सरकार सांगत आले आहे की, पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ती रेघ शेजारप्रेमाचीही रेघ आहे.

म्हणून पाळीव जनावर असणाऱ्या कुटुंबांना काही साध्या गोष्टी सांगतो. कुत्रे वारंवार लघवीला बसते, थेंबथेंब होते, रक्त दिसते, ती जागा सतत चाटते, तर ओरडू नका, डॉक्टरांना दाखवा. जोर करूनही लघवी अजिबात होत नसेल तर एक दिवसही थांबू नका, जिवाला धोका असतो. औषध डॉक्टर सांगतील तितकेच दिवस द्या, कमी नाही आणि मनाने जास्तही नाही. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला मुळीच देऊ नका, त्या त्याला विषासारख्या बाधू शकतात. आणि स्वच्छ पाण्याचे भांडे भरलेले ठेवा.

काळीचा खडा काढला. ती आता रात्री पुन्हा फाटकापाशी बसते. वहिनींची आग थांबली आहे. आता त्या शेतात पाण्याची बाटली घेऊन जातात. मालकाने बांधाला जुन्या साड्यांचा आडोसा करू दिला आहे. चार बाया तो वापरतात.

शेजाऱ्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला सापडले असे मी म्हणत नाही. काळीवर खर्च केलेला पैसा अजूनही कधी कधी रात्री मला टोचतो आणि तो टोचत राहावा असेच मला वाटते. मात्र एक गोष्ट मी शिकलो. एका मुक्या जिवाचे थेंब मोजता मोजता माझे कान भिंतीपलीकडच्या आवाजाला उघडले. जनावरावरची माया तुम्हाला माणसाच्या दारापर्यंत नेत असेल, तर ती योग्य वाटेवर आहे. दारातूनच परत फिरवत असेल, तर थांबून विचार करावा.

या आठवड्यात आपल्या घरी एवढे करा. कपाट उघडा आणि कोणत्या पट्ट्या अर्ध्या राहिल्या आहेत ते पाहा. मग आपल्या भिंतीपलीकडे कोण काय सोसत आहे, याचीही एकदा चौकशी करा.