सेनेचे एकत्व: पुंज, अवयवी आणि संतान

न्यायदर्शनात अवयवीचा, म्हणजे अवयवांपासून घडलेल्या पण त्यांच्या बेरजेहून वेगळे अस्तित्व असलेल्या द्रव्याचा, जो विचार आहे, त्यात सेनेचा दृष्टान्त पूर्वपक्षाच्या, म्हणजे आधी मांडून मग खोडल्या जाणाऱ्या मताच्या, तोंडी येतो. दुरून अनेक झाडे मिळून एक वन दिसते, अनेक सैनिक मिळून एक सेना दिसते, तसाच घटही परमाणूंचा पुंज, म्हणजे नुसता समूह, आहे, असे पूर्वपक्ष म्हणतो. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे की, सैनिक आणि झाडे जवळ गेल्यावर सुटी दिसतात, परमाणू मात्र इंद्रियगोचरच नाहीत, म्हणून दृष्टान्त लागू पडत नाही. या वादात घट वाचला, पण सेनेची बाजू कोणीच घेतली नाही. दोन्ही पक्षांच्या लेखी ती पुंजच राहिली.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यरचनेकडे पाहता हा निकाल अर्धाच बरोबर ठरतो. कोअर म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या हुकमतीखालील, साधारणपणे दोन ते चार डिव्हिजनांचा समूह. फ्रान्समधील बहुतेक ब्रिटिश कोअर हे मुख्यतः एक मुख्यालय असे. डिव्हिजन लढाईपुरत्या त्याच्याकडे येत आणि लढाई सरली की दुसऱ्या कोअरकडे जात. हा शुद्ध संयोग, म्हणजे जुळणारा आणि सुटणारा संबंध होय. सप्टेंबर १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅनेडियन कोअरने मात्र आपल्या डिव्हिजन शक्यतो एकत्र ठेवल्या, एका लढाईत शिकलेले पुढच्या लढाईत वापरले, आणि एप्रिल १९१७ मध्ये विमीच्या टेकडीवर तिच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या.

सर जेम्स विलकॉक्स यांच्या हुकमतीखाली १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी कोअरमध्ये लाहोर आणि मेरठ या डिव्हिजन होत्या, आणि त्यांच्या ब्रिगेडमध्ये सामान्यतः एक ब्रिटिश व तीन हिंदी पलटणी असत. पलटणीत ब्रिटिश अधिकारी जेमतेम डझनभर. ते पडले की त्यांच्या जागी शिपायांची भाषा न जाणणारे येत, आणि शिपायांची तूट परक्या रेजिमेंटांतून भरून काढावी लागे. नव शापेलच्या लढाईनंतर गढवाल रायफल्सच्या दोन पलटणींची मिळून एकच पलटण करावी लागली. १९१५ संपता संपता या दोन्ही डिव्हिजन मेसोपोटेमियाकडे वळल्या आणि फ्रान्समधील हिंदी कोअर संपली. तिच्यासाठी कोणी हळहळल्याचे दिसत नाही, कारण संयोग सुटला, एवढेच घडले होते.

पलटणीचे तसे नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे सहाव्या (पुणे) डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा तिच्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. न्यायमताप्रमाणे अवयवांचा नाश झाला की अवयवीही नष्ट होतो, म्हणजे या पलटणी तेथेच संपायला हव्या होत्या. नुसता पुंज मानला तरी निष्कर्ष तोच. प्रत्यक्षात नवे रंगरूट आणि अन्यत्र उरलेली माणसे घेऊन त्या पुन्हा उभ्या राहिल्या. याचा उलगडा बौद्धांच्या संतानकल्पनेने अधिक नीट होतो: संतान म्हणजे क्षणांची अशी माळ, जिच्यात टिकून राहणारे द्रव्य नसते, पण आधीचा क्षण पुढच्याला जन्म देतो. मात्र त्या कल्पनेत कूतनंतर बंदिवासात दगावलेल्या शिपायाला जागा नाही, आणि ही तिची उणीव लहान नव्हे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली, आणि ‘जंगी पलटण’ या नावाने ती आजही भारतीय लष्करात आहे.