पापाचे वाटेकरी

सेलू तालुक्यातील वालूर हे गाव लोकस्मृतीने वाल्मीकी ऋषींशी जोडलेले आहे. आणि ज्याच्या वाटमारीवर पोसलेल्या कुटुंबाने त्याच्या पापात वाटा घेण्यास साफ नकार दिला, त्या, पुढे वाल्मीकी झालेल्या, वाल्या कोळ्याच्या कथेतील पापाच्या वाटेकऱ्यांचा प्रश्न, वालूर ज्या हैदराबाद राज्यात तेव्हा मोडत होते त्याच राज्यातील एका खुनाच्या अपिलातून, सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 'पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य' या प्रकरणी १९५४ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे ठरविले की, अनेकांच्या मनात एकसारखाच हेतू असला तरी तेवढ्याने तो समाईक ठरत नाही, त्यासाठी मनांची पूर्वजुळणी, क्षणभर आधीची का होईना, सिद्ध व्हावी लागते. आणि आरोपी पांडुरंगाची खुनाबद्दलची दोषसिद्धी त्यामुळे जबर दुखापतीपुरती उरली.

हा भेद मला कर्मविचाराच्या गाभ्याचा वाटतो, कारण कर्म हातून घडले तरी कर्तृत्व संकल्पात असते. मात्र लुटीचे अन्न जाणूनबुजून खाणाऱ्यांचा संकल्पात भाग नव्हता, हे मला कधीच पटलेले नाही.

वाट्याचा असाच प्रश्न पुढेही उभा राहिला: १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा कौल नंतर उच्च न्यायालयाने अमान्य केला, तेव्हा त्या कौलाचे ओझे आठांपैकी कोणी वाहावयाचे? माझ्या मते प्रत्येकाने, आणि तेही संपूर्ण. ज्या नवव्याने वेगळे मत दिले, त्याच्याकडे त्यातला कणही जात नाही.