नमणें आणि हरणें

बलवान् मनुष्यास नीति शिकवावी, कीं नीतिमान् मनुष्यासच बल शिकवावें, हा वाद फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो कीं, बल कोणाच्या ना कोणाच्या ठिकाणीं प्रकट होणारच. तेव्हां त्यास वळण लावणें एवढेंच समाजाच्या हातीं असतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, वळण लागेपर्यंत विद्या देऊंच नये. सापास दूध पाजून मग त्यास अहिंसेचा उपदेश करणें व्यर्थ होय. आमच्या मतें ह्या दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. बल आणि नीति ह्या दोन निराळ्या वस्तु असून त्यांपैकीं एक आधीं व दुसरी मागाहून द्यावयाची असते, असें दोघेही गृहीत धरतात. हें गृहीत खरें आहे काय? चीन देशांत अशी एक युद्धकला आहे कीं, जिच्यांत ह्या दोहोंचा अभ्यास एकाच हालचालींत करविण्याचा प्रयत्न झाला आहे. ताइ-ची हें तिचें नांव. तिच्या निमित्तानें ह्या जुन्या वादाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय दूरदेशचा, आणि लेख लिहिला जात आहे गडचिरोलीस; तेव्हां ह्या दोहोंची सांगड कशी, असें वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, बलाच्या प्रश्नाची निकड ह्या अरण्यप्रदेशास जितकी ठाऊक आहे तितकी थोड्याच प्रांतांस ठाऊक असेल. १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या बाबूराव शेडमाके ह्या गोंड वीरास चांद्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ ह्या रानांत शिरली. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि पुढील चार दशकें येथील खेडूत दोन बंदुकांच्या मध्यें जगला. आजही पहांटे रस्त्यानें गेलें असतां पोलीस-भरतीच्या आशेनें धांवणारीं मुलें व मुली दिसतात. बल मिळवावें, हें त्यांस कोणी सांगावें लागत नाहीं. मिळालेलें बल कोठें आवरावें, हें मात्र त्यांस कोण शिकवितो?

ताइ-ची ही पाहणारास प्रथमदर्शनीं युद्धकला वाटतच नाहीं. पहांटे बागेंत जमलेले वृद्ध स्त्रीपुरुष संथपणें हात फिरवीत, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर नेत, जणूं पाण्यांतून चालत असतात. परंतु तिचें पूर्ण नांव ताइ-ची-च्युआन् असें आहे, आणि च्युआन् म्हणजे मूठ, अर्थात् मुष्टियुद्ध. ताइ-ची म्हणजे परम सीमा. ज्या एका मूळ तत्त्वापासून यिन् व यांग, म्हणजे स्थिति व गति, मृदु व कठोर इत्यादि द्वंद्वें निघतात, असें चिनी तत्त्वज्ञ मानतात, तें तत्त्व. ह्या नांवांतील ‘ची’ आणि प्राण ह्या अर्थाचा ‘ची’ हे चिनी भाषेंत अगदीं निराळे शब्द आहेत. आपल्याकडे त्यांची बहुधा गल्लत होते, म्हणून हा खुलासा केला. यांग छंग-फू (१८८३–१९३६) ह्या प्रसिद्ध आचार्यांनीं सांगितलेले दहा नियम त्यांच्या शिष्यानें लिहून ठेविले आहेत. मस्तक हलकें व ताठ असावें. खांदे सोडलेले असावे. कोणता पाय भरलेला व कोणता रिता हें क्षणोक्षणीं ओळखावें. स्नायूंच्या जोराऐवजीं मनाचा उपयोग करावा. गतींतच स्थैर्य शोधावें. अशा स्वरूपाचे ते नियम आहेत.

परंतु ह्या कलेचें खरें मर्म तिच्या ज्या अभ्यासास ‘हात ढकलणें’ म्हणतात त्यांत आहे. दोघे अभ्यासी समोरासमोर उभे राहून मनगटास मनगट लावितात. एकानें ढकलावें, दुसऱ्यानें तें बल अंगावर न घेतां बाजूस वळवावें, आणि मग त्यानें ढकलावें. नियम दोनच: स्पर्श तुटूं द्यावयाचा नाहीं, आणि बलास बलानें अडवावयाचें नाहीं. पहिल्या नियमानें पळपुटेपणास बंदी केली आहे, दुसऱ्यानें दांडगाईस. ह्या दोहोंमधील जी अरुंद वाट उरते तिच्यावर चालण्यास जी शक्ति लागते तिला चिनी लोक ‘ऐकणारें बल’ असें म्हणतात. हें ऐकणें कानानें होत नाहीं, त्वचेनें होतें. समोरच्या मनुष्याचा भार कोठून येतो, कोठें जाऊं पाहतो व कोठें संपतो, हें हातानें ऐकावयाचें.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते. जो मनांत जिंकण्याचा निश्चय करून आलेला असतो त्याचा हात ताठतो. आणि हात ताठला कीं त्याचा तोल दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. जो भितो तो मागें सरतो, आणि मागें सरतांना पडतो. ज्यास राग येतो त्याच्या हातास ऐकूं येईनासें होतें. अहंकार, भय व क्रोध ह्यांस आपण मनाचे दोष म्हणतों. येथें ते शरीराचे दोष होऊन डोळ्यांस दिसूं लागतात, आणि त्यांची शिक्षा उपदेशानें न होतां तोल जाण्यानें, तत्काळ व निर्वैरपणें होते. बल आणि नीति एकाच अभ्यासांत शिकविली जातात असें जें वर म्हटलें, त्याचा अर्थ हाच.

असलें ज्ञान मनुष्यास प्रथम कोठून मिळालें? ह्याविषयीं चिनी व मराठी मनानें रचलेल्या आख्यायिकांत विलक्षण साम्य आहे. वूदांग पर्वतावरील चांग सान-फंग ह्या ताओपंथी साधूनें क्रौंच पक्षी व सर्प ह्यांचें युद्ध पाहिलें आणि त्यावरून ही कला निर्मिली, असें चिनी लोक सांगतात. इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर ह्यांनीं निजामाकडून आलेल्या अली व गुलाब ह्या मल्लांचें आव्हान स्वीकारलें. पुढें सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केलें असतां त्यांस मारुतिरायाचा दृष्टान्त झाला, आणि झाडावर खेळणाऱ्या वानराच्या लीलांवरून त्यांस मल्लखांबाची विद्या लाभली, अशी आपल्याकडची कथा आहे. इतिहास ह्याहून निराळा आहे. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत सांपडतो. आणि ताइ-चीचा माग संशोधकांनीं होनान प्रांतांतील छन घराण्याच्या गांवीं, सतराव्या शतकांतील छन वांग-थिंग ह्या योद्ध्यापर्यंत नेला आहे. परंतु ह्या कथा खोट्या ठरल्या तरी त्यांतील नम्रता खोटी ठरत नाहीं. आमचें बल आम्हीं निर्माण केलें नाहीं, तें पाहून शिकलों, अशी ती कबुली आहे.

शिक्षणाच्या नीतीचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. छन घराण्यानें ही विद्या पिढ्यान् पिढ्या घराबाहेर जाऊं दिली नाहीं. यांग लू-छान (१७९९–१८७२) हा परका मनुष्य ती शिकण्यास तेथें गेला. रात्रीं भिंतीच्या फटींतून तो इतरांचा अभ्यास पाहत असे. आणि हें उघडकीस आल्यावर आचार्य छन छांग-शिंग ह्यांनीं त्याची परीक्षा घेऊन त्यास शिष्य म्हणून स्वीकारलें, अशी कथा सांगतात. पुढें ह्याच यांगनें पेकिंगास ही कला शिकविली व ती देशभर पसरली. ही कथा वाचतांना आम्हां अरण्यवासीयांस दुसरी एक कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. आपल्या रानांतील निषादपुत्र एकलव्यही असाच दाराबाहेर राहिला व स्वतःच्या श्रद्धेनें शिकला. त्याची विद्या उघडकीस आली तेव्हां गुरूनें त्याचा अंगठा मागितला. दोन्ही ठिकाणीं शिष्याचा अपराध एकच होता. एका गुरूनें दार उघडलें. दुसऱ्यानें हात तोडला. अपात्राच्या हातीं विद्या जाऊं नये, हें गुप्ततेचें समर्थन ऐकावयास थोर वाटतें. परंतु त्याच्या आड कुळाचा अभिमान, उपजीविकेची चिंता व शिष्याकडून हरण्याचें भय हीं कितीदां लपून बसतात, हें एकलव्याच्या तुटलेल्या अंगठ्याइतकें स्पष्टपणें दुसऱ्या कशानेंही सांगितलेलें नाहीं.

सुदैवानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन्ही देशांत हीं दारें उघडूं लागलीं. १९१० सालीं शांघाय येथें चिंग-वू ही व्यायामसंस्था निघून घराण्यांत कोंडलेल्या कला सार्वजनिकरीत्या शिकविल्या जाऊं लागल्या. १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं आपले देशी खेळ जगास दाखविले. बडोद्यास जुम्मादादा ह्या मुसलमान उस्तादांनीं आपला आखाडा माणिकराव ह्या हिंदु शिष्याच्या हवालीं केला, आणि माणिकरावांनीं त्या विद्येस सांघिक शिक्षणाचें रूप दिलें. धर्म, कूळ व जात ह्यांपेक्षां विद्येचें नातें वरचें मानणाऱ्या ह्या उस्तादांपुढें आमचें मस्तक नम्र होतें.

परंतु दार उघडल्यानें प्रश्न सुटत नाहीं, बदलतो. १९५६ सालीं चीनच्या सरकारनें ताइ-चीचा चोवीस हालचालींचा सोपा पाठ तयार करविला. २०२० सालीं युनेस्कोनें ह्या कलेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. लक्षावधि लोकांचा लाभ झाला, ह्यांत संशय नाहीं. तथापि एकट्यानें हात फिरविणें सोपें. दुसऱ्याचा धक्का सोसणें अवघड. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं पहिलें राहिलें व दुसरें गेलें. दुसऱ्या मनुष्याच्या भाराशीं ज्याचा कधीं स्पर्श झाला नाहीं त्याची शांति कितपत खरी, हें त्याचें त्यासही कळत नाहीं.

ह्या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, नमणें हें दुबळ्याचें तत्त्वज्ञान आहे. पुरांत वांचणाऱ्या लव्हाळ्याचा दृष्टान्त तुकोबांनीं दिलाच आहे, त्यांत नवें काय? आमच्या मतें येथें एक भेद आहे. लव्हाळें नमतें आणि पूर आपल्या वाटेनें जातो. ताइ-चीचा अभ्यासी नमतो तो स्पर्श न सोडतां, आणि नमतां नमतां पुराची वाट बदलतो. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: ह्या कलेंत निष्णात असूनही मनुष्य दुष्ट असूं शकत नाहीं काय? असूं शकतो. आपला हात मृदु करून घेतलेला मनुष्य आपलें मनही मृदु करीलच, अशी हमी कोणतीही विद्या देऊं शकत नाहीं. आणि बंदुकीच्या गोळीपुढें मनगटाचें कौशल्य निरुपयोगी आहे, हेंही आम्ही मान्य करितों. अभ्यास मनुष्यास त्याचा ताठा दाखवून देतो, एवढेंच. तो सोडावयाचा कीं नाहीं, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें.

तरीही ही गोष्ट केवळ आखाड्यापुरती आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ह्याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें एक लहान गोंड गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय करीत नाहीं, सर्वसहमतीनें करिते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढील सभेस जातो. गांवांत अभ्यासगट बसतात, चर्चा होते, पुन्हां सभा होते. उतावीळ मनुष्यास ही रीत मंद वाटेल. परंतु ह्याच मंद रीतीनें चालणाऱ्या गांवास २००९ सालीं वनहक्क कायद्याखालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपल्या रानांतील बांबू आपण विकण्याचा अधिकारही त्यानें प्रत्यक्षांत आणिला. सरकारशीं संबंध तोडला नाहीं, सरकारपुढें मान तुकविली नाहीं, आणि शस्त्रही उचललें नाहीं. तुटूं नये व बलास बलानें अडवूं नये, हे दोन नियम त्या लोकांनीं कोणा चिनी आचार्यापासून घेतले नव्हते. विरोध करणाऱ्या एका मनुष्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेण्याच्या रोजच्या अभ्यासांतून ते त्यांस सांपडले.

तेव्हां आरंभीच्या वादाविषयीं आमचें मत असें आहे. बल सर्वांस शिकवावें. त्यासाठीं कोणाचाही अंगठा मागूं नये. मात्र तें अशा रीतीनें शिकवावें कीं, शिकणारास पदोपदीं दुसऱ्याचा भार जाणवला पाहिजे, आणि त्याचा स्वतःचा ताठाही त्यास दिसला पाहिजे. ही रीत मंद आहे. परंतु पात्रापात्रतेची परीक्षा तो मंदपणाच करितो, कारण ज्यास केवळ दुसऱ्यास पाडावयाचें आहे तो इतका काळ थांबत नाहीं. आणि शिकविणाराची परीक्षा ह्याहून सोपी आहे. चिनी आचार्य शिष्याच्या मनगटास स्वतःचें मनगट लावून उभा राहतो. शिष्य त्यास ढकलतो, आणि कधीं कधीं आचार्याचाही तोल जातो. जो गुरु, जो पुढारी किंवा जो अधिकारी आपणांस कोणी ढकलूं नये अशी तजवीज करून मग इतरांस बलाचे धडे देतो, त्याच्यापासून आपलीं मुलें आपण दूर ठेवावीं, हें बरें.