त्स्खिनवालीची रात्र आणि दोन इतिहास

7 ऑगस्ट 2008 रोजी रात्री साडेअकरा वाजून गेल्यावर जॉर्जियाच्या सैन्याने त्स्खिनवालीवर तोफांचा मारा सुरू केला. काकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावरचे हे लहानसे शहर म्हणजे जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेतियाची राजधानी. पाठोपाठ रशियाचे रणगाडे रोकीच्या बोगद्यातून उतरले, जॉर्जियाच्या गोरी शहरापर्यंत पोहोचले आणि पाच दिवसांत युद्ध आटोपले. हे युद्ध कोणी सुरू केले, यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पुढे युक्रेनबाबत मॉस्को आणि पाश्चात्त्य राजधान्यांनी जे जे युक्तिवाद केले, त्यातले बहुतेक सगळे या छोट्या युद्धात आधीच बोलून झाले होते. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवे.

मॉस्को सांगते: जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष मिखाइल साकाश्विली यांनी झोपलेल्या शहरावर हल्ला केला, रशियाचे शांतिसैनिक मारले, आणि रशियाने एका लहान समाजाला वंशसंहारातून वाचवले. वॉशिंग्टन आणि ब्रसेल्स सांगतात: लोकशाहीकडे वळलेल्या चिमुकल्या शेजाऱ्याला बलाढ्य देशाने धडा शिकवला आणि त्याची एक पंचमांश भूमी बळकावली. बांधावरून भांडणाऱ्या भावांना विचारावे, तर प्रत्येकजण आपल्या सोयीच्या सालापासून हकिगत सांगू लागतो. तसेच हे आहे. मॉस्कोची गोष्ट 7 ऑगस्टला सुरू होते, आणि मागे न्यायचीच तर ती थेट 1999 मध्ये नाटोने बेलग्रेडवर टाकलेल्या बॉम्बपर्यंत जाते. पश्चिमेची गोष्ट 8 ऑगस्टच्या रणगाड्यांपासून सुरू होते. ती मागे गेली तर दक्षिण ओसेतियातल्या लोकांना सरसकट वाटलेल्या रशियन पासपोर्टांपाशी थांबते.

युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल सप्टेंबर 2009 मध्ये आला. स्विस राजनैतिक अधिकारी हायडी तालियाविनी या समितीच्या प्रमुख होत्या. अहवालाने स्पष्ट म्हटले की त्स्खिनवालीवरचा मारा आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नव्हता, आणि त्याआधीच मोठी रशियन फौज आत शिरली होती हा जॉर्जियाचा दावा पुरेशा पुराव्याने सिद्ध होत नाही. तितक्याच स्पष्टपणे म्हटले की आपल्या शांतिसैनिकांच्या बचावापलीकडे जाऊन रशियाने जे केले ते प्रमाणाबाहेरचे होते, पासपोर्टवाटप बेकायदा होते, वंशसंहाराचा आरोप निराधार होता, आणि दक्षिण ओसेतियातल्या जॉर्जियन वस्त्यांतून वांशिक हकालपट्टी झाली. सगळ्या बाजूंचे मिळून सुमारे 850 लोक मेले. त्स्खिनवालीत दोन हजार माणसे मारली गेल्याचे मॉस्कोने सुरुवातीला सांगितले होते; नंतर रशियाच्याच तपास यंत्रणेने मृत नागरिकांचा आकडा 162 वर आणला. अहवाल प्रसिद्ध झाला त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपापली वाक्ये उचलली आणि उरलेला अहवाल बाजूला ठेवला.

त्या उरलेल्या भागात माणसे आहेत. डिसेंबर 1990 मध्ये, सोव्हिएत संघ कोसळत असताना, झ्वियाद गामसाखुर्दिया यांच्या नेतृत्वाखालील जॉर्जियाने दक्षिण ओसेतियाची स्वायत्तता रद्द केली. 'जॉर्जिया जॉर्जियनांचा' ही त्या काळची घोषणा. महिन्याभरात जॉर्जियाचे सशस्त्र लोक त्स्खिनवालीत शिरले. जून 1992 मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत हजाराच्या आसपास बळी गेले, आणि जॉर्जियाच्या अंतर्भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेली हजारो ओसेतियन कुटुंबे डोंगर ओलांडून उत्तरेला निघून गेली. त्यांची भीती क्रेमलिनने कारखान्यात तयार केलेली नव्हती. ती त्यांच्या घरातली होती. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत 'रशियाधार्जिणे फुटीर' एवढेच लिहून या माणसांचा निकाल लावला जातो, याचा मला राग येतो. पण तितकाच राग 2008 च्या ऑगस्टचा येतो. त्स्खिनवालीच्या उत्तरेला तामाराशेनी, कुर्ता, केख्वी ही जॉर्जियन गावे होती. लढाई थांबत आली असताना ती लुटली गेली, जाळली गेली आणि मग जमीनदोस्त केली गेली. जानेवारी 2021 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 12 ऑगस्टनंतरच्या अशा कृत्यांसाठी रशियाला जबाबदार धरले. मॉस्कोच्या गोष्टीत ही गावे येतच नाहीत.

रशियाच्या तक्रारीत तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. कोसोवोच्या प्रश्नावर 1999 मध्ये नाटोने सुरक्षा परिषदेला डावलून 78 दिवस बॉम्बवर्षाव केला. फेब्रुवारी 2008 मध्ये कोसोवोच्या स्वातंत्र्याला मान्यता देताना हे प्रकरण अपवादात्मक आहे, असे पश्चिमेने बजावले. पण अपवाद कोणता हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यानंतर एप्रिलमध्ये बुखारेस्टची नाटो परिषद झाली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाच्या वाटेवर आणायचे होते, जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सचे सार्कोझी यांचा विरोध होता. तडजोड अशी निघाली की हे देश सदस्य होतील एवढे जाहीर करायचे, कधी ते सांगायचे नाही आणि मधल्या काळात संरक्षणाची हमीही द्यायची नाही. मॉस्कोला डिवचणारे आणि जॉर्जियाला उघड्यावर सोडणारे असे हे आश्वासन होते. चार महिन्यांनी युद्ध झाले. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच मार्च 2009 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन रशियाशी संबंध नव्याने सुरू करण्याचे प्रतीक म्हणून जिनिव्हात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांच्या हाती एक लाल बटण देत होत्या.

तरीही या सगळ्याची बेरीज 'दोघेही सारखेच' अशी होत नाही. कोसोवोचा दाखला देऊन 26 ऑगस्ट 2008 रोजी दक्षिण ओसेतिया आणि जॉर्जियातून फुटलेल्या दुसऱ्या प्रदेशाला, अबखाझियाला, मान्यता देणाऱ्या याच रशियाने, स्वतःपासून वेगळे होऊ पाहणाऱ्या चेचन्याशी दोन युद्धे केली आणि ग्रोझ्नी शहर मातीत मिळवले. अबखाझियातून 1993 मध्ये दोन लाखांहून अधिक जॉर्जियन हाकलले गेले, तेव्हा त्यांच्या स्वयंनिर्णयाचा विचार मॉस्कोने केला नाही. आणि सर्वांत बोलका पुरावा मला सोव्हिएत संघाच्या जुन्या घटकांनी दिलेला वाटतो. बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया हे तेव्हा रशियाचे मित्र होते, लष्करी करारातले साथीदार होते. यांतल्या एकानेही या दोन प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली नाही. ऑगस्टच्या अखेरीस दुशान्बे येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीतही रशियाला या मान्यतेसाठी पाठिंबा मिळाला नाही. हे देश नाटोच्या सांगण्यावरून वागत नव्हते. आज जे जॉर्जियाचे झाले ते उद्या आपले होऊ शकते, हे त्यांना कळत होते.

मराठी वाचकाचा मॉस्कोकडे ओढा का, हे मी समजू शकतो. स्वस्त आणि देखण्या सोव्हिएत पुस्तकांवर इथल्या पिढ्या वाढल्या. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होत असताना पाश्चात्त्य देशांनी सुरक्षा परिषदेत भारताला रोखू पाहिले, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव पाडला. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण त्याच गोव्याबद्दल पोर्तुगाल काय म्हणत होता? ही वसाहत नव्हेच, हा पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत आहे. तिथले लोक आमचेच आहेत, बाहेरच्यांनी बोलू नये. जुलै 2021 मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक असल्याचा प्रदीर्घ लेख लिहिला, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधल्या दोनेत्स्क-लुहान्स्कला मान्यता व वंशसंहाराचा आरोप हे 2008 चेच पाठ वापरून युद्ध सुरू केले. ज्यांनी पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचा दावा फेटाळला, त्यांना हा दावा ओळखू यायला हवा. शिवाय ज्या सोव्हिएत संघाचे आपण ऋणी आहोत त्यात युक्रेनियन होते, जॉर्जियन होते, ओसेतियनही होते. ते ऋण एकट्या क्रेमलिनच्या खात्यावर का जमा करायचे?

या वादात एक सरळ गोष्ट व्हायला हवी होती. 1990-92 मध्ये जे घडले त्याबद्दल जॉर्जियाने ओसेतियनांपुढे खेद व्यक्त करायचा, आणि 2008 च्या जळलेल्या गावांबद्दल समोरूनही तेच घडायचे. सप्टेंबर 2024 मध्ये तसा शब्द खरोखर उच्चारला गेला. जॉर्जियाच्या सत्ताधारी पक्षाचे सूत्रधार, रशियात अब्जावधी कमावलेले बिद्झिना इवानिश्विली गोरीच्या सभेत म्हणाले की ओसेतियनांची माफी मागितली पाहिजे. पण निवडणूक दीड महिन्यावर आली होती आणि सगळा दोष साकाश्विलींच्या पक्षाच्या माथी मारायचा होता. ज्या शहरावर 2008 मध्ये रशियन बॉम्ब पडून लोक मेले तिथे उभे राहून रशियाच्या वाट्याबद्दल न बोलता केलेली ही भाषा लोकांना झोंबली. मागायलाच हवी अशी माफी अशा रीतीने वापरली गेली की आता पुढची काही वर्षे कोणी प्रामाणिक जॉर्जियन नेता तो शब्द काढू धजणार नाही.

आणि जिनिव्हात ऑक्टोबर 2008 पासून संयुक्त राष्ट्रे, युरोपीय संघ आणि युरोपची सुरक्षा व सहकार्य संघटना यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी चालू आहेत. जॉर्जिया, रशिया, अमेरिका, आणि त्स्खिनवाली व अबखाझियाची राजधानी सुखुमी यांचे प्रतिनिधी एकाच दालनात बसतात. विस्थापितांच्या परतण्याचा विषय निघाला की रशियन, ओसेतियन आणि अबखाझ प्रतिनिधी उठून जातात, हे कितीदा तरी घडले आहे. दक्षिण ओसेतियातल्या अखालगोरीतून 2008 मध्ये पळालेली कुटुंबे जॉर्जियाची राजधानी तिब्लिसीच्या महामार्गालगत त्सेरोवानीच्या बैठ्या घरांत राहतात, आणि तिथे जन्मलेली मुले आता शाळा संपवत आहेत.