निर्जन वेधशाळेतील द्रष्टा

लडाखमधील हान्ले गावानजीक, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचा कारभार बंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालतो. याच संस्थेने मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने तेथे उभारलेली आणि २०१८ साली कार्यान्वित झालेली ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण त्याही पुढची आहे. कारण वेधांचा क्रम लावणे, घुमट उघडणे, नेम धरणे आणि हवा बिघडली की सर्व काही मिटून घेणे, ही कामे तिने कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता करावीत, अशीच तिची योजना आहे. देवयानी दीर्घिकेचा जो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला, तो अशा दुर्बिणीत कोणाच्या डोळ्यांत शिरत नाही. थंड ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर तो पडतो, तेथील इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि त्यांची मोजदाद होऊन आकड्यांच्या रूपाने दप्तरी दाखल होतो. मग ती दीर्घिका त्या रात्री पाहिली कोणी?

हा प्रश्न सांख्यांपुढे ठेवला असता, तर ते फारसे गोंधळले नसते. ‘हे अमुकच आहे’ असा निश्चय करणे हा त्यांनी बुद्धीचा व्यापार मानला, आणि ती बुद्धी प्रकृतीचाच परिणाम असल्यामुळे तिला जडांच्या पंक्तीत बसविले. पुरुषाकडे त्यांनी ठेवले ते केवळ साक्षित्व, तेही अकर्त्याचे आणि मध्यस्थाचे. तेव्हा जड यंत्र निर्णय करते याचे जे आश्चर्य आज आपणांस वाटते, ते त्यांच्या तत्त्वज्ञानाने फार पूर्वीच पचविलेले आहे. परंतु याच ठिकाणी एक अडचण उभी राहते. उदासीनता हेच जर द्रष्ट्याचे लक्षण असेल, तर त्या लक्षणाला आपणांपेक्षा दुर्बीणच अधिक उतरते. कारण शोध लागल्याचा हर्ष तिला नाही आणि ढग आल्याचा विषादही नाही. तरीही तिला द्रष्टा म्हणावयास आपले मन धजत नाही. याचा अर्थ असा की, द्रष्टेपणाची खूण उदासीनतेत नसून अन्यत्र कोठे तरी आहे.

ती कोठे आहे, हे एखाद्या चित्राची छाननी चाललेली असताना ध्यानात येते. जी विरळ हवा हान्लेचे आकाश निर्मळ करते, तीच वैश्विक किरणांचे कणही अधिक प्रमाणात खाली येऊ देते. असा एखादा कण चकतीवर आदळला की चित्रात तारा उगवल्यासारखे टिंब उमटते. शिवाय चकतीतले काही बिंदू स्वभावतःच सदोष असतात आणि प्रकाश नसतानाही चमकतात. म्हणून त्याच प्रदेशाची अनेक चित्रे, दुर्बीण प्रत्येक वेळी किंचित सरकवून, घेतली जातात. जो ठिपका एकाच चित्रात दिसतो तो बहुधा कणाचा. जो दुर्बीण सरकली तरी चकतीवरची आपली जागा सोडत नाही तो चकतीचा. आणि जो इतर ताऱ्यांबरोबर सरकतो त्याचीच साक्ष ग्राह्य धरावयाची. झडप बंद ठेवून घेतलेले चित्र आणि संधिप्रकाशातील समतेजस्क आकाशाचे चित्र, यांचा दाखला घेऊन उरलेले दोषही काढून टाकले जातात.

ज्ञान उपजतच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा, असे मीमांसक म्हणत. नैयायिकांचा आग्रह असा की, प्रामाण्य बाहेरूनच सिद्ध झाले पाहिजे. वेधशाळेचा दैनंदिन व्यवहार निःसंशय नैयायिकांच्या बाजूचा आहे. आता ही पारखसुद्धा यंत्राकडे सोपविता येते, हे खरे. पालोमार पर्वतावरील झ्विकी सर्वेक्षणात खरे आणि खोटे ठिपके निवडण्याचे काम संगणकच करतो. पण ते त्याला शिकविले गेले माणसांनी निवडून दिलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे वेधाच्या क्षणी मनुष्य गैरहजर असला, तरी नियम घालून देणारा म्हणून तो आधी हजर होता, आणि निष्कर्षाखाली सही करणारा म्हणून नंतर हजर होणार आहे.

माझ्या मते द्रष्टेपण या सहीत आहे. खोट्या ठिपक्याला नवतारा म्हणून जाहीर केले, तर यंत्राची अब्रू जात नाही. ती जाते जाहीर करणाराची. ज्याला आपल्या पाहण्याबद्दल उत्तर द्यावे लागते आणि चूक निघाल्यास शब्द मागे घ्यावा लागतो, तोच खऱ्या अर्थाने पाहतो. सांख्यांचा अकर्ता साक्षी मला अपुरा वाटतो तो याच कारणाने. उद्या नभोवेधाचा सारा व्यवहार यंत्राच्या स्वाधीन झाला, तरी त्यात खेद करण्याजोगे काही नाही. मात्र चुकीचा जाब कोणाला विचारावयाचा हे ज्या वेधशाळेत सांगता येणार नाही, तेथे चित्रांचा संग्रह कितीही वाढला, तरी आकाशाचे दर्शन कोणास घडले असे म्हणता यावयाचे नाही.